कॅसेटच म्हणा, काडतूस कशाला?

प्रश्न असा आलाय की नव्वदच्या दशकात टीव्ही गेमला जी लावायचो तिला कॅसेट म्हणणं चूक आहे का, कार्ट्रिजच म्हणायला हवं का, आणि मराठीत ‘खेळचकती’ हा शब्द कसा वाटतो.

चूक अजिबात नाही. उलट ही दुरुस्ती ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. मागच्या महिन्यात लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं, जुन्या गेमच्या कॅसेटी आहेत का, तर काउंटरवरचा विशीतला पोरगा म्हणतो, “अंकल, कॅसेट गाने की होती है, इसको कार्ट्रिज बोलते.” आणि सोबत आलेला माझा भाचा मान हलवतोय! अरे, तुझ्या जन्माआधी आम्ही चाळीत ती पिवळी कॅसेट काढून, खालच्या पट्टीवर फुंकर मारून, शर्टाला पुसून परत खोचलीय. (फुंकरीने काही होत नाही हेही आता माहितीय, काढून परत लावली की पिना नीट टेकतात एवढंच, उलट तोंडातल्या ओलीने पट्टी खराब होते. पण फुंकल्याशिवाय लावली तर घरात कुणाचा विश्वास बसायचा नाही.)

यांचं लॉजिक काय, तर आत टेप नाही म्हणून ती कॅसेट नाही. टेपचा काय संबंध? कॅसेट हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटी पेटी, डबी, बस. एक्सरेवाला पाठीमागे ती चपटी पेटी लावतो तिलाही कॅसेटच म्हणतात, तिच्यात कुठे गाणी असतात? आणि मुंबईत आपण खेळायचो ती बहुतेक मशीनं निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला, ते मूळ मशीन जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आलं, आणि जपानी लोक आजही त्या वस्तूला ‘कासेत्तो’ म्हणतात. ज्यांनी बनवली ते कॅसेट म्हणतात, आम्ही कॅसेट म्हणतो, आणि मधल्या मधे हा पोरगा आम्हाला शिकवतोय.

आता कार्ट्रिज. इथे खरी मजा आहे. कार्ट्रिज म्हणजे काडतूस. हो, तेच बंदुकीचं. इटालियन ‘कार्ता’ म्हणजे कागद, त्यावरून ‘कार्तोच्चो’ म्हणजे कागदाची पुंगळी, तिच्यात दारू भरायची. फ्रेंचांनी तिचं ‘कार्तूश’ केलं, इंग्रजांनी ‘कार्ट्रिज’, पोर्तुगीजांकडे ‘कार्तूशु’, आणि आपल्याकडे काडतूस. १८५७ ला दाताने फाडण्यावरून बोंब झाली ती याच कागदावरून. म्हणजे ‘कॅसेट नको, कार्ट्रिज म्हणा’ म्हणणारा माणूस सांगतोय काय, तर डबी म्हणू नका, काडतूस म्हणा!

काडतूस फ्रेंचांकडून आलं असं म्हणणारे काही कोशवाले आहेत, त्यांचा मुद्दा असा की पोर्तुगीज शब्दात मुळात ‘श’ नाही, ‘च’ होता, त्यांच्या ‘शाव्ह’ची (म्हणजे किल्लीची) चावी झाली तसं इथेही काडतूच व्हायला हवं होतं. मला हे पटत नाही. पोर्तुगीजांचा हा ‘च’ सतराव्या शतकात त्यांच्याच तोंडात ‘श’ व्हायला लागला, माझं म्हणणं चावी आपल्याकडे आधी आली आणि काडतूस मागाहून. आणि वसई, चौल, साष्टी इथे दोनशे वर्षं बसले होते कोण, फ्रेंच? पगार, मेस्त्री, पाव, बटाटा सगळे त्यांच्याकडून घेतले आणि काडतूस आणायला तेवढे पाँडिचेरीला गेलो होय? कोशात बसून आवाजाचे नियम लावणं सोपं असतं, एकदा वसईच्या किल्ल्यात फिरून या.

पुढचं ऐका, हे मला भयंकर आवडतं. पोर्तुगीजांना वसई आणि मुंबई मिळाली १५३४ च्या तहात, आणि ते जपानला पोचले १५४३ ला, नऊच वर्षांनी. तिकडे त्यांनी पत्ते नेले. पत्त्याला पोर्तुगीजमध्ये ‘कार्ता’, जपानीत झालं ‘कारुता’. मग तिथल्या सरकारने जुगारासाठी पत्त्यांवर बंदी घालायची, लोकांनी चित्रं बदलून नवे पत्ते काढायचे, असं करत करत फुलांच्या चित्रांचे ‘हानाफुदा’ आले. आणि हे हानाफुदा बनवायला क्योतोमध्ये १८८९ ला फुसाजिरो यामाउचीने जी कंपनी काढली ती म्हणजे निन्टेन्डो! कार्ता विकणाऱ्यांनी शंभर वर्षांत अमेरिकेला कार्ट्रिज विकलं, म्हणजे शब्दाच्या हिशोबाने धंदा बदललाच नाही. त्यांच्या आत्ताच्या ‘स्विच’ नावाच्या गेम मशीनमध्ये जी चिप घालतात तिला ते ‘गेम कार्ड’ म्हणतात, परत कार्ता. आणि टीव्हीला जोडायचा पहिला घरगुती गेम, १९७२ चा मॅग्नावॉक्स ओडिसी, राल्फ बेअरच्या डोक्यातून निघालेला, त्यातही कार्डंच घालायची, फक्त त्यांच्यात मेमरी नव्हती, नुसत्या वायरींच्या जोडण्या बदलायच्या. मेमरीवाली, बदलता येणारी कार्ट्रिज १९७६ ला फेअरचाइल्ड या अमेरिकन कंपनीने आणली, तिथल्या इंजिनिअर जेरी लॉसनच्या हाताखालच्या टीमने, आणि तिचं नाव ‘व्हिडिओकार्ट’. कंट्रोलरवरच्या बटणालासुद्धा जपानी ‘बोतान’ म्हणतात, तेही पोर्तुगीजच, पण ते जाऊ दे, नाहीतर मी तंबाखूवर जाईन.

भाच्याला हे सगळं परतीच्या लोकलमध्ये ग्रँट रोडपासून दादरपर्यंत सांगितलं, तो उतरताना म्हणाला, “मामा, पण मग पेन ड्राइव्हला काय म्हणायचं?”

हां, आणि ‘खेळचकती’. ज्यांनी कुणी सुचवलाय त्यांनी एकदा कॅसेट हातात घेऊन बघावी. ती चौकोनी असते.