भेगा काढायच्या की नाही?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. पुण्यात चित्रकला शिकते, थोडं लिहितेही. ‘मी काल आली होती’ म्हटलं की मैत्रिणी हसतात, ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं तर मुद्दाम पुन्हा म्हणायला लावतात. एका प्रदर्शनासाठी चित्र मागताना आयोजक म्हणाले, ‘यवतमाळची ना तू? मग भेगाळलेली जमीन आणि झाडाला दोर काढ.’ मी चित्रच दिलं नाही. आता भेगा कधीच काढायच्या नाहीत असं ठरवलंय. कथेतली वऱ्हाडीही खोडून टाकते. चुकतंय का माझं?

उत्तर : दोर काढला नाहीस, बरं केलंस. पण वऱ्हाडी कायले खोडतेस, बाप्पा?

आधी भेगांचं. मी मूर्तिजापूरकडची, शेतकऱ्याची पोर. आपल्या काळ्या मातीला भेगा दरसाल पडतात, सोळा आणे पिकलं तरी. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती अन् पालापाचोळा भेगांत पडतो, पावसात भेगा मिटतात, खालची वर येते. माझे बाबा म्हणायचे, ही जमीन सोताच सोताले नांगरते. लहानपणी माझे आठ आणे एका भेगेत पडले होते. काखेपर्यंत हात घातला, लागले नाहीत. पेपरातल्या फोटोत भेग म्हणजे दुष्काळ, एवढंच. तुला तिच्या आत काय पडतं ते ठाऊक आहे. मग ती तू नाही तर कोण काढणार?

दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. शेतकऱ्यानं गळफास घेतलेलं एखादं घर तुझ्याही गावात असेल. पण त्या घरातली बाई पुढच्या महिन्यात पोटाशी ओटी बांधून कापूस वेचायला जाते, वाळल्या बोंडांची टोकं बोटांत घुसतात, संध्याकाळी काट्यावर तिचे किलो मोजले जातात. तिचं चित्र कुणी मागत नाही.

बोलीचं म्हणशील तर दोष आपलाही आहे. नाटकात वऱ्हाडी बोलणारा म्हणजे गडी नाहीतर विदूषक. अन् गॅदरिंगला ‘पोट्टे, इकडे ये बे’ करून टाळ्या आपणच घेतो. मीही अमरावतीला कॉलेजात असताना घेतल्यात, एक कपही मिळाला होता. आता उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी वाच, 1960 सालची. त्यातली कौतिक, शिंप्याची बायको, वऱ्हाडीच बोलते. तिला हसून दाखव बरं.

अमेरिकेत अॅपलाचिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. कोळशाच्या खाणी, गरिबी, अन् बाकीचे त्या लोकांना ‘हिलबिली’ म्हणून चिडवणार, म्हणजे डोंगरातले गावंढळ. तिकडे जॉर्जियात 1966 साली शाळेतल्या पोरांनी आसपासच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन साबण कसा करायचा, ओंडक्यांचं घर कसं उभारायचं ते विचारून घेतलं आणि ‘फॉक्सफायर’ नावाचं मासिक काढलं. पुढे केंटकीचा कवी फ्रँक एक्स वॉकर याला दिसलं की शब्दकोशात या मुलखातले लोक म्हणजे गोरेच. तो काळा. त्यानं 1991 साली आपल्यासारख्यांसाठी ‘अफ्रिलाचियन’ हा शब्दच घडवला. म्हणून सांगते, गाव काढशील तेव्हा बंजाऱ्यांचा तांडा अन् कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, चौकटीबाहेर ठेवू नको. आपल्याला पुण्यानं वगळलं म्हणून रडायचं आणि आपण त्यांना वगळायचं, असं नको.

पोळ्याला घरी जाशीलच. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणत झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणतात ती टोमण्यांची कवनं, सुरू झाल्या की वही काढ. सावकाराला, सरकारला, पाटलाला सगळ्यांना त्यात हाणलेलं असतं. रडगाणं कुठं असतं त्यात?

कथेत जिथं खोडलंस तिथं ‘काहून’ परत लिही. आणि भेगेचं चित्र झालं की पाठव. माझे आठ आणे दिसतात का, पाहते.