वाचकांचे प्रश्न : 'तयार' म्हटल्यावर वीज गेली, तर नोंदीचं काय?

प्रश्न : आमच्या पाच गावांतल्या अवजारे बँकांचे संगणक एकमेकांशी थेट जोडलेले आहेत, मध्ये सर्व्हर नाही. शेतकऱ्याला एका गावचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्या गावचं पेरणीयंत्र एकाच दिवशी हवं असतं. दोन्ही मिळाली तरच नोंद व्हावी म्हणून दोन टप्प्यांचं कॉमिट वापरलं : समन्वय करणारा संगणक आधी सगळ्यांना विचारतो, आणि सगळे 'तयार' म्हणाले तरच 'कॉमिट', म्हणजे नोंद पक्की करा, असं कळवतो. पण समन्वय करणाऱ्या संगणकाची वीज गेली की अवजारं तासन्‌तास लॉक राहतात, म्हणजे दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. टाइमआउटनंतर लॉक सोडून द्यावं का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, सोडू नका. 'तयार' हे उत्तर पाठवण्याआधी नोडला, म्हणजे जोडणीतल्या त्या संगणकाला, स्वतःहून व्यवहार रद्द करता येतो. ते पाठवलं की तो हक्क संपतो. समन्वयकाने 'कॉमिट' लिहून ट्रॅक्टरवाल्या गावाला कळवलं असेल आणि तेवढ्यात वीज गेली असेल. अशा वेळी पेरणीयंत्रवाल्या नोडने लॉक सोडलं, तर शेतकऱ्याच्या नावावर नुसता ट्रॅक्टर उरतो.

तुमची अडचण टाइमआउटची नाही. निर्णय एकाच डिस्कवर राहतो, ही खरी अडचण आहे. दोन टप्पे तसेच ठेवा, पण निकाल पाचही संगणकांवरच्या राफ्टच्या लॉगमध्ये लिहा. राफ्ट म्हणजे अनेक संगणकांनी बहुमताने एकच नोंदवही (लॉग) ठेवण्याची पद्धत, त्यात निवडून आलेला एक नोड नेता असतो. पाचपैकी तीन ठिकाणी नोंद टिकली की मगच तो निकाल, आणि त्यानंतरच सहभागी नोडना कळवायचं. समन्वयक गेला तर कोणताही नोड त्या व्यवहारासाठी 'रद्द'ची नोंद मांडू शकतो. लॉगमध्ये त्या व्यवहाराची जी नोंद आधी पक्की होईल ती खरी, नंतरची सर्वांनी सोडून द्यायची. ग्रे आणि लॅम्पोर्ट यांनी २००६ मध्ये पॅक्सॉस या बहुमताच्या जुन्या पद्धतीच्या आधाराने मांडलेली कॉमिटची पद्धत याच वळणाची आहे. राफ्ट २०१४ चं आहे आणि त्याच्या तयार लायब्ऱ्या मिळतात. स्वतः लिहायला जाऊ नका.

पाच नोडमध्ये दोन बंद पडलेले चालतात, तीनमध्ये एक. चारमध्येही एकच, म्हणून सम संख्या ठेवून काही मिळत नाही. आणि हे आधी तपासा : पाचांपैकी तीन गावं एकाच फीडरवर असतील तर त्यांची वीज एकदमच जाते आणि बहुमतही. निदान तीन ठिकाणी, शक्यतो वेगवेगळ्या फीडरवर, संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. बहुमत नसताना नोंदी थांबतात, हे बरोबरच आहे. उरलेल्या दोघांना निर्णय घेऊ दिला तर पलीकडचे तिघे उलटा निर्णय घेऊ शकतात.

राफ्टच्या मूळ लेखातला १५० ते ३०० मिलिसेकंदांचा निवडणूक टाइमआउट (नेत्याचा आवाज आला नाही तर नवा नेता निवडण्याआधी थांबायचा वेळ) मोबाइल डेटावर उचलू नका, नेता सारखा बदलत राहील. संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ गर्दीच्या वेळी मोजा आणि टाइमआउट त्याच्या निदान दहापट ठेवा. 'तयार' पाठवण्याआधी लॉगवर एफसिंक (नोंद खरोखर डिस्कवर उतरवण्याचा आदेश) झालंच पाहिजे. नुसतं राइट केलेलं मेमरीत असतं, वीज गेली की तेही जातं. राउटर बंद पडून जोडणी परतल्यावर जुना नेता जुनेच आदेश पाठवू लागतो, म्हणून प्रत्येक संदेशात राफ्टचा टर्म क्रमांक (दर निवडणुकीला वाढणारा) हवा आणि लहान क्रमांकाचा संदेश नाकारला गेला पाहिजे.

प्रश्न : लॉकच नको असतील तर सागा पद्धत चालेल का?

उत्तर : चालेल, आणि अवजारांच्या नोंदणीला आम्ही तीच आधी सुचवू. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ मध्ये ती मांडली. मोठ्या व्यवहाराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा जिथल्या तिथे कॉमिट करायचा आणि प्रत्येकाची उलट क्रिया लिहून ठेवायची. पण मधली अवस्था इतरांना दिसते. म्हणून थेट 'नोंदवलं' न लिहिता 'राखीव, अमुक वाजेपर्यंत' असं लिहा. मुदत अवजाराच्या मालक नोडच्याच घड्याळावर मोजा, कारण दोन संगणकांची घड्याळं जुळतीलच असं नाही. मागे घेता येणारी पावलं आधी, शेतकऱ्याला जाणारा एसएमएस सगळ्यात शेवटी.

बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो पुढच्या गोष्टीत. 'राखीव करा' हा संदेश वाटेत रखडतो, समन्वयक कंटाळून 'रद्द करा' पाठवतो आणि रद्दच आधी पोचतो. नोड म्हणतो, असं काही राखीवच नाही, आणि विसरून जातो. मग मूळ संदेश येतो आणि अवजार विनाकारण अडकतं. उपाय सोपा आहे. न पाहिलेल्या व्यवहाराचं रद्द आलं तरी त्याचा आयडी साठवा आणि त्या आयडीचं राखीव नंतर आलं तर नाकारा. संदेश दोनदा आला तरी परिणाम एकदाच व्हावा, यालाही तोच आयडी कामी येतो. हे आयडी संदेशाच्या शेवटच्या पुनर्प्रयत्नाच्या मुदतीपेक्षा बरेच जास्त दिवस ठेवा.

प्रश्न : उद्या बाहेरचे, अनोळखी संगणक जोडले तर?

उत्तर : राफ्ट नोड बंद पडणं सोसतो, खोटं बोलणं नाही. खोटं बोलणारे जास्तीत जास्त 'फ' धरले तर एकूण ३फ+१ नोड लागतात, म्हणजे एकासाठी चार. कॅस्ट्रो आणि लिस्कॉव यांची १९९९ ची पीबीएफटी पद्धत याच हिशेबावर चालते. तिलाही सभासदांची ठरलेली यादी लागते. यादी नसेल तर एकच माणूस शंभर नोड उभे करून बहुमत मिळवतो. बिटकॉइनने ते काम-पुराव्याने, म्हणजे खर्चिक गणित करायला लावून, अडवलं, पण तिथे ब्लॉकला (नोंदींच्या एका गठ्ठ्याला) सरासरी १० मिनिटं लागतात आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक थांबण्याची रीत आहे. पेरणीयंत्रासाठी एवढा खटाटोप नको. यादी ठेवा, प्रत्येक नोडला सही करण्याची किल्ली द्या आणि नवा सभासद घेताना तो बदलही लॉगमध्ये बहुमतानेच नोंदवा, एका वेळी एकच.