पूर किंवा साथ आली की गावात एसएमएसने आरोग्याची माहिती पाठवून खरंच उपयोग होतो का?

होतो, पण मेसेज नीट लिहिला तरच. मी वर्धा नदीकाठच्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. जुलै २०२२ च्या पुरात आम्ही हा उद्योग करून बघितला.

घरटॅक्सच्या रजिस्टरातून दोनशेवर नंबर काढले. बल्क म्हणजे एकगठ्ठा एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे आधी नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो. पाणी दारात असताना ते कोण करत बसणार? साध्या रिचार्जवर दिवसाला १०० एसएमएस मिळतात, म्हणून तिघांच्या सिमवर नंबर वाटून घेतले.

पहिला मेसेज मी निबंधच लिहिला. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजतात. माझ्या निबंधाचे चार एसएमएस झाले आणि शंभराचा कोटा पंचवीस घरांतच संपला! वर एक आजोबा जुना फोन घेऊन हजर: "हे काय पाठवलं बापा, नुसते डबे डबे दिसून राह्यले." त्यांच्या फोनात मराठी उमटतच नव्हतं.

मग आशाताईंनी कापून एवढंच ठेवलं: "टाकीचं पाणी उकळूनच प्या. जुलाब झाले तर ओआरएस घ्या, आशाताईंना कळवा." ६६ अक्षरांत बसलं. मी घरच्या घरी ओआरएस करायचं साखर-मिठाचं प्रमाणही टाकणार होतो (लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ). त्या नाही म्हणाल्या. प्रत्येक घरचा चमचा वेगळा, मीठ जास्त पडलं तर लेकरालाच त्रास. पाकिटं त्यांच्याकडे होतीच.

सगळ्यात मोठी चूक "आज" या शब्दाची. "आज दुपारी शाळेत तपासणी" असं पाठवलं. लाइन नव्हती, निम्मे फोन बंद. दुसऱ्या दिवशी चार्जिंग झाल्यावर मेसेज पोचला आणि पंधरा-वीस माणसं कुलूप लावलेल्या शाळेसमोर उभी. तेव्हापासून मी वार आणि तारीख लिहितो.

दवंडी बंद करू नका. फोन घरधन्याच्या खिशात असतो आणि पाणी भरते बाई. कोतवालाला आम्ही मेसेजमधलंच वाक्य जसंच्या तसं ओरडायला सांगितलं होतं.

आणि पाठवायचं ते आशाताईंच्या नंबरवरून पाठवा, तो बहुतेकांकडे सेव्ह असतो. माझ्या नंबरचे मेसेज अर्ध्या गावाने लोनवाल्याचे समजून उघडलेच नव्हते.