वडिलांचं तोंड दहा मिनिटं वाकडं झालं, मग आपोआप सरळ झालं. तरी डॉक्टरकडे न्यायला हवं का?

हवं, आणि आजच. हा पक्षाघाताचा (लकव्याचा) इशारा असू शकतो. तुमचे बाबा आता नीट बोलतात आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणतात, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. एका सकाळी त्यांच्या हातातून बशी निसटली, चहा धोतरावर सांडला. बोटं मिटेनात. आईने हात चोळला, पंधरा मिनिटांत हात हलायला लागला आणि दुपारी दादा शेतावर गेले. 'रात्री अंगाखाली आला असेल' अशी आम्हीच समजूत घातली. चौथ्या दिवशी पहाटे उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली.

अशा वेळी मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने थोडा वेळ तुंबते आणि मोकळी होते, पण गुठळी कशामुळे झाली ते कारण तसंच राहतं. पक्षाघाताचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. म्हणून मेंदूचा स्कॅन, ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), साखर आणि कोलेस्टेरॉल हे सगळं तपासायला हवं. हृदयाचे ठोके अनियमित असले तरी गुठळी होते.

दादांच्या बाबतीत मुळाशी बीपी होता. 'बरं वाटतंय' म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर तो फसवतो. जोडीला तंबाखू होतीच. घरात कुणी मिशरी लावत असेल तर तीही तंबाखूच.

पुन्हा तसं झालं तर घड्याळ बघा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, हे डॉक्टर आधी विचारतात. आम्हाला ते सांगताच आलं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 108 ला फोन करा, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. वाटेत पाणी पाजू नका, गिळता न आल्यास ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनही नको, स्कॅनशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव, हे कळत नाही.

हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे (मोफत उपचारांची सरकारी योजना) आरोग्यमित्र, म्हणजे मदतनीस, असतील तर त्यांना भेटा. पुढे फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लागली तर टाळाटाळ करू नका. आम्ही नुसत्या मालिशीत दोन महिने घालवले, ते मला अजून खातं. आणि सांभाळणाऱ्याचं मन खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. माझी आई रात्र रात्र जागी असायची, तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

दादा आता डाव्या हाताने बशी धरतात. मला मात्र अजून काकाच्या नावाने हाक मारतात.

बाबांच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि निघा. तपासून झालं की इथे दोन ओळी लिहा, मी वाट बघतोय.