अरोवानाचं पिल्लू पेलेट थुंकतंय? आधी पाणी तपासा

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: दोन फुटी टँक लावून दहा दिवस झालेत आणि त्यात १० सेंटिमीटरचं सिल्व्हर अरोवाना माशाचं पिल्लू आहे. जिवंत गप्पी मासा दिसला की गट्टम, पण पेलेट (कोरड्या खाद्याची गोळी) तोंडात घेऊन थुंकतं. दिवसभर फिल्टरमागच्या कोपऱ्यात उभं असतं आणि दोनदा उडी मारून झाकणावर आपटलंय. शिवाय डावा डोळा खाली वळतोय अशी शंका आहे, आणि सोबतीला दुसरं पिल्लू आणावं का, असंही विचारलंय.

पेलेटचं नंतर बघू. कोपरा धरून बसणारं, खाणं थुंकणारं पिल्लू नखरेल असतंच असं नाही. बऱ्याचदा त्याला पाणी बाधत असतं किंवा ते घाबरलेलं असतं. तुमच्याकडे दोन्ही असण्याची शक्यता जास्त.

दहा दिवसांत फिल्टर 'बसत' नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत बाहेर पडतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया स्पंजवर पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ते विष पाण्यातच राहतं. तुमच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ५५-६० लिटरच्या वर नसणार आणि मासा मांसाहारी, म्हणजे घाण प्रथिनांची. आजच थेंबांच्या किटने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट बरं, कारण ०.२५ आणि ०.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) मधला फरक पट्टीवर नीट कळत नाही. पीएच बघायचा कारण अमोनियाचा विषारी भाग त्यावर ठरतो: पीएच ७ चा ८ झाला की तोच अमोनिया सुमारे दहापट घातक होतो.

अमोनिया किंवा नायट्राइट यांपैकी काहीही ०.२५ पीपीएमच्या वर आलं तर रोज ३० ते ४० टक्के पाणी बदला. नवं पाणी जुन्याच्या तापमानाचं हवं, फरक एका अंशाहून जास्त नको, आणि त्यात डीक्लोरिनेटर (नळाच्या पाण्यातला क्लोरीन निकामी करणारं द्रावण) टाकलेलं असावं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बऱ्यापैकी उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसाच राहतो, म्हणून नुसत्या ठेवलेल्या पाण्यावर विसंबू नका. नायट्राइट दिसत असेल तर लिटरमागे १ ग्रॅम साधं मीठ मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पुढच्या वेळी पाणी बदलताना फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ टाकायचं. इथे हमखास चूक होते आणि आठवड्याभरात टँक खारट होतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या टँकच्या पाण्यातच पिळायचा. ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणून तुमच्या फिल्टरमध्ये घाला. या दिवसांत त्यासारखं दुसरं औषध नाही.

तापमान २८ अंशांवर ठेवा. ३० च्या वर नेऊ नका, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३० ला ७.५. फिल्टरच्या ओढीच्या तोंडावर स्पंज चढवा. पिल्लाच्या हनुवटीवरच्या दोन मिश्या त्यात ओढल्या जाऊन तुटतात. मूळ शाबूत असेल तर त्या परत येतात, पण वाकड्या येऊ शकतात.

आता भीती. हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. पुराचं पाणी जंगलात शिरलं की तो झाडांखाली, अगदी पृष्ठभागालगत फिरतो आणि पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. त्याचं सगळं लक्ष वर असतं आणि डोक्यावर पानांची सावली असते. आपण त्याला चारही बाजूंनी उघड्या काचेत, डोक्यावर प्रखर एलईडी लावून ठेवतो, आणि मग तो कोपऱ्यात का बसतो हे विचारतो. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा काळ्या कागदाने झाका. पृष्ठभागाचा अर्धा भाग पिस्टियासारख्या तरंगत्या वनस्पतींनी भरा. टँकचा दिवा लावण्याआधी खोलीचा दिवा दहा मिनिटं लावून ठेवा आणि रात्री खोलीत मंद उजेड राहू द्या. मिट्ट काळोखात एकदम दिवा लागला की अरोवाना आंधळेपणाने वर झेपावतो. ते दोनदा आपटणं बहुधा त्यातलंच.

झाकणाबाबत हयगय नको. अरोवानाचं अंग बाजूंनी चपटं असतं, त्यामुळे फिल्टरच्या नळीसाठी सोडलेल्या तीन-चार सेंटिमीटरच्या फटीतून १० सेंटिमीटरचं पिल्लू आरामात बाहेर पडतं. नळी आणि वायरभोवतीची जागा स्पंजाने बुजवा. पाण्याची पातळी झाकणापासून आठ-दहा सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे उडी मारली तरी तोंड थेट काचेवर आदळणार नाही. झाकण आत्ता नुसतं ठेवलं तरी चालेल. मासा ३० सेंटिमीटरचा झाला की त्यावर वजन किंवा खिट्टी लागेल.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, पिल्लू समोरच्या काचेपर्यंत येऊन फिरू लागलं, की मग खाण्याकडे वळा.

पेलेट थुंकण्यामागे साधं कारण आहे. अरोवाना काहीही पडलं की आधी तोंडात घेतो आणि मग ठरवतो. त्याच्या जिभेतसुद्धा हाड आणि दात असतात. ऑस्टिओग्लॉसम या नावाचा अर्थच हाडाची जीभ. समोरून नीट बघा: पेलेट आत जातो, जबडा दोन-तीनदा हलतो आणि कडक, कोरडा तुकडा बाहेर येतो. भक्ष्य असं लागत नाही, हे त्याला लगेच कळतं. म्हणून सवय टप्प्याटप्प्याने बदलायची आणि प्रत्येक टप्प्यावर तोंडाला लागणारा मऊपणा सांभाळायचा.

गप्पी एकदम बंद करा. दोन दिवस काहीही देऊ नका. धडधाकट १० सेंटिमीटरच्या पिल्लाला त्याने काही होत नाही. पोटाला अजून बलकाची पिवळी पिशवी असलेल्या पिल्लाची गोष्ट वेगळी: ते अजून त्या पिशवीवरच जगत असतं, त्याला वरून काही द्यावं लागत नाही आणि सवयी लावण्याची घाईही करायची नाही. (या पिल्लांना निसर्गात बाप तोंडात सांभाळतो.) तिसऱ्या दिवशी गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) वितळवून चिमटीने पृष्ठभागावर ठेवा, एका जागी ओतू नका. ते पडताना हलतात, म्हणून सहसा लगेच घेतले जातात. दोन-तीन दिवस तेच.

मग सोललेली कोळंबी. डोकं, टोकदार काटा आणि कवच काढून डोळ्याच्या आकाराचे तुकडे करा. लांब प्लास्टिकच्या चिमट्यात तुकडा हलकेच धरून पाण्याला टेकवा आणि किंचित थरथरवा. खाली बुडू देऊ नका. पिल्लू चिमट्याला ओळखू लागलं की अर्धं काम झालं. त्यानंतर एक तरंगता पेलेट, पेलेटचा आकारही डोळ्याएवढा, कोळंबीच्या रसात दोन-तीन मिनिटं भिजवा. दाबल्यावर स्पंजासारखा दबला पाहिजे. लगदा झाला तर फेकून द्या. कोळंबीच्या तुकड्याला चीर देऊन हा पेलेट आत दडवा. असे चार-पाच तुकडे त्याने गिळले की पुढे एक कोळंबी, एक नुसता भिजवलेला पेलेट, असं आलटून पालटून द्या. थुंकला तर तो लगेच उचला, दुसरा देऊ नका, आणि त्या वेळचं खाणं तिथेच संपवा. आठ-दहा दिवस धरा. काही पिल्लं तीन आठवडेही घेतात.

मधेच 'उपाशी मरेल' म्हणून एक गप्पी टाकला की सगळं मुसळ केरात. त्याला कळतं की थांबलं तर हवं ते मिळतं. उपासाची मर्यादा अंग बघून ठरवा: डोक्यामागची पाठ आत गेल्यासारखी दिसू लागली तर ब्लडवर्म किंवा कोळंबी द्या, जिवंत मासा नव्हे.

जिवंत माशांना माझा विरोध दोन कारणांनी. एक म्हणजे दाटीत ठेवलेले स्वस्त मासे इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आणि जंत घेऊन येतात. अरोवानाला इक झाला तर मॅलाकाइट ग्रीन किंवा तांब्याची औषधं त्याला झेपत नाहीत. तापमान ३० अंशांपर्यंत नेणं आणि मीठ हळूहळू वाढवणं, एवढंच सुरक्षितपणे करता येतं. दुसरं, गोल्डफिशसारख्या माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. गप्पीत हा त्रास नाही, पण रोगाचा आहेच. बीफ हार्ट किंवा कोंबडीचं मांस रोजच्या खाण्यात नको. ती चरबी या माशाला पचवता येत नाही आणि यकृतावर साचते. रातकिडे, नाकतोडे उत्तम, पण नाकतोड्याच्या मागच्या काटेरी तंगड्या तोडून द्या, आणि घरात सापडलेलं झुरळ कधीच नको, त्याच्या अंगावर कुठली फवारणी बसलीय सांगता येत नाही.

१५ सेंटिमीटरपर्यंत दिवसातून दोनदा, पुढे ३० पर्यंत एकदा, त्यानंतर एक दिवसाआड. खाऊन झाल्यावर पोटाची रेघ किंचित फुगीर दिसावी, गोटी गिळल्यासारखी नव्हे. उरलेलं दहा मिनिटांत सायफनने काढा.

टँकबद्दल आत्ताच ठरवा. चांगलं खाणारं पिल्लू महिन्याला तीन-चार सेंटिमीटर सहज वाढतं. दोन फुटी टँक आत्ताही तोकडा आहे. ९०×४५×४५ सेंटिमीटरचा, साधारण १८० लिटरचा टँक लगेच घ्या, तो तीन-चार महिने पुरेल. पुढे १५०×६०×६० मध्ये ४० सेंटिमीटरपर्यंत निभेल. पूर्ण वाढलेला मासा ७०-९० सेंटिमीटरचा होतो आणि त्याला २४०×९० चा तळ लागतो. टँकची उंची नव्हे, रुंदी बघायची: मासा अंग न दुमडता वळला पाहिजे. अरुंद टँक, जुनं पाणी आणि चढलेलं नायट्रेट यांत कल्ल्यांच्या झाकणीची कड बाहेर वळू लागते. सुरुवातीला पकडली तर मोठा टँक, आठवड्यातून दोनदा ३० टक्के पाणी आणि जोरकस हवा यांनी ती बसते. कडक झाल्यावर बसत नाही. एवढ्या मोठ्या टँकची सोय होणार नसेल तर मासा लहान असतानाच सोय असलेल्या माणसाकडे द्या. ओढ्यात, तलावात मात्र कधीही सोडू नका. हलवताना जाळी वापरू नका, खवले उचकटतात. पाण्यासकट मोठ्या पिशवीत घ्या.

डोळ्याचं: १० सेंटिमीटरच्या पिल्लाचा डोळा दहा दिवसांत कायमचा ढळत नाही. टँकचा दिवा बंद करून समोरून बघा आणि वरून चिमटा दाखवा. दोन्ही डोळे सारखे वर गेले तर ते फक्त तळाकडे बघत होतं. तळाला पडलेलं खाणं आणि चमकणारी रंगीत खडी काढा. खरा ढळलेला डोळा वयाने मोठ्या माशात येतो, त्यामागे एकच कारण सिद्ध झालेलं नाही, आणि तो सहसा पूर्ववत होत नाही. पाण्यावर चेंडू तरंगत ठेवण्याचा उपाय अनेक जण करतात. फायद्याची खात्री नाही, अपायही नाही.

दुसरं पिल्लू आणू नका. लहानपणी ती एकत्र राहतात, २० सेंटिमीटरच्या आसपास एकमेकांच्या मिश्या आणि शेपट्या तोडू लागतात. मोठा टँक आल्यावर सोबत हवीच असेल तर तळाशी राहणारा बिचिर मासा चालतो, तो तोंडात मावणार नाही एवढा मोठा असला की झालं. प्लेको (काचेला चिकटणारा मासा) नको, रात्री तो अरोवानाच्या अंगाला चिकटतो आणि वरचा चिकट थर खरवडतो.