गाड्यांचं वेड असलेल्या ज्येष्ठांनो, गाड्यांखेरीज तुमचं मन कशात रमतं?

घड्याळं, खडक, शब्दकोडी, पक्ष्यांचे आवाज आणि बिघडलेली कुठलीही वस्तू उघडून बघणं. कशाला कशाचा मेळ नाही असं वाटेल, पण यातल्या बऱ्याच गोष्टींपर्यंत मी बॉनेट उघडूनच पोचलो.

घड्याळांचंच घ्या. जुन्या गाड्यांत इंडिकेटर लावला की जी टिकटिक ऐकू यायची, ती फ्लॅशर नावाच्या छोट्याशा डबीतून. काही फ्लॅशरमध्ये दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून केलेली पट्टी असायची. वीज आली की ती तापणार. दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, म्हणून वाकणार. संपर्क तुटला की दिवा विझणार. गार झाली की परत सरळ आणि दिवा चालू. एखादा बल्ब उडाला तर प्रवाह बदलायचा आणि टिकटिकीची लय बिघडायची, त्यामुळे खाली उतरून न बघताही कळायचं. आता बऱ्याच गाड्यांत तोच आवाज स्पीकरमधून काढतात. चालायचंच.

या पट्टीचं मूळ शोधायला गेलो आणि जॉन हॅरिसन सापडला. 18 व्या शतकातला हा इंग्लिश सुतार. भर समुद्रात जहाजाचा रेखांश कळावा म्हणून अचूक चालणारं घड्याळ करायच्या मागे लागला होता. तिसऱ्या घड्याळावर गड्याने 19 वर्षं घालवली! तापमानामुळे चाल बिघडू नये म्हणून त्यात अशीच दुहेरी पट्टी बसवली आणि घर्षण कमी करायला पिंजऱ्यातलं बेअरिंग. चाकातून घरघर आली की आपण ज्याच्यावर संशय घेतो, त्या बेअरिंगचा हा खापरपणजोबा. यश मात्र चौथ्या घड्याळाने दिलं, आणि ते होतं खिशात ठेवायच्या मोठ्या घड्याळासारखं.

खडकांचं वेड शिशामुळे लागलं. इंजिन नॉक करू नये, म्हणजे इंधन भलत्या वेळी पेटून आतून ठोके येऊ नयेत, म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायची युक्ती 1921 मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरला सापडली. पुढे क्लेअर पॅटरसन हा अमेरिकन शास्त्रज्ञ उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होता, तर बाहेरचं शिसं त्याच्या प्रयोगशाळेत जिथे तिथे घुसलेलं. वय त्याने 1956 मध्ये सांगितलं, सुमारे 455 कोटी वर्षं, आणि मग हे शिसं येतं कुठून याच्या मागे हात धुऊन लागला. आमच्या लाडक्या जुन्या गाड्यांचे धूर त्यात होतेच. मोटारींसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल जगातून पूर्ण हटायला 2021 उजाडलं. ही गोष्ट वाचल्यापासून रस्त्यासाठी कापलेला डोंगर दिसला की माझं लक्ष पुढच्या गाडीपेक्षा त्याच्या थरांकडे जातं, म्हणून हल्ली स्टिअरिंग मुलाकडे.

पक्ष्यांचा मोटारीशी काही संबंध नाही. टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा, आवाज टिपायची सवय लागलेला कान रिकामा बसत नाही, एवढंच. टॉप स्पीड आणि शून्य ते शंभर किती सेकंदांत, या गप्पांत मात्र मला कधीच गोडी वाटली नाही.

सध्या काचेत गुंतलोय. पुढची काच दोन थरांची, मधे प्लास्टिकचा पापुद्रा, म्हणून फुटली तरी चिकटून राहते. बाजूची आणि मागची बहुधा तापवून झटकन गार केलेली असते आणि तो ताण तिच्यात कायमचा राहतो. पोलराइज्ड गॉगल घालून उन्हात एखाद्या गाडीची मागची काच तिरकी बघा. त्या ताणाचे गडद ठिपके रांगेत दिसतात.