सौरऊर्जेवर चार्ज होणारी स्मार्टवॉच साध्या स्मार्टवॉचपेक्षा महाग का असतात?

साध्या कॅल्क्युलेटरवरसुद्धा सोलर पट्टी असते, मग तीच पट्टी स्मार्टवॉचमध्ये आली की किंमत एवढी का वाढते, असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, कारण सोलर सेल स्वतः महाग नाही आणि नवाही नाही. प्रकाशावर चालणारे काट्यांचे क्वार्ट्झ घड्याळ सिटिझनने १९७६ मध्येच आणले होते. पण तशा घड्याळाला काही मायक्रोवॉट वीज पुरते, आणि स्मार्टवॉचला, विशेषतः जीपीएस चालू असताना, तिच्या हजारो पट लागते.

त्यात जागेची अडचण मोठी. कॅल्क्युलेटरवर पट्टीला स्वतंत्र जागा मिळते, घड्याळात मात्र जवळजवळ सगळी जागा पडद्याची असते. त्यामुळे पडद्याभोवती सेलचे अरुंद कडे बसवतात. घड्याळ उन्हात तिरपे धरले, तर काचेखाली ती गडद कडा स्पष्ट दिसते. काही मॉडेलांत पडद्यावरही सेलचा जवळजवळ पारदर्शक थर असतो. इथेच खरा पेच आहे: जो प्रकाश आरपार जातो त्याची वीज होत नाही, आणि जो अडतो त्यामुळे पडदा मंद दिसतो.

याचा ढोबळ हिशेब करून पाहू. भर उन्हात एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० मिलिवॉट इतकी प्रकाशऊर्जा पडते. ३४ मिलिमीटर व्यासाच्या पडद्याभोवतीचे १ मिलिमीटर रुंदीचे कडे जेमतेम एवढ्याच क्षेत्रफळाचे होते, म्हणजे सेलची कार्यक्षमता २० टक्के धरली तरी हाती २० मिलिवॉट येतात, आणि तेही घड्याळ थेट सूर्याकडे असेल तेव्हा. घरात दिव्याखाली तर प्रकाशच उन्हाच्या शेकडो पटींनी कमी असतो.

एवढ्याशा विजेचे चीज व्हायचे, तर बाकीचे सगळे घड्याळ काटकसरी असावे लागते, आणि माझ्या मते वाढीव खर्चाचा मोठा वाटा या काटकसरीतच आहे. उमटलेले चित्र फार थोड्या विजेवर टिकवणारा पडदा, कमी वीज खाणारी चिप आणि ढगाआड सूर्य गेल्यावर क्षणात घटणारा प्रवाह सांभाळून बॅटरीत भरणारे सर्किट, हे सारे एकत्र जुळवावे लागते. काच, सेल आणि पडदा यांचे थर एकमेकांवर चिकटवताना एका थरात दोष राहिला, तर सगळा जोडच बाद होण्याची भीती असते. शिवाय अशी घड्याळे तुलनेने कमी खपतात, त्यामुळे संशोधनाचा खर्च थोड्या नगांवर पडतो.

एक गोष्ट मात्र नीट तपासावी. सोलर आवृत्तीबरोबर पुष्कळदा नीलमणी काच, टायटॅनियमची चौकट किंवा जास्त मेमरीही दिलेली असते आणि किमतीतला बराच फरक त्यांचा असतो, म्हणून तुलना त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीशीच करावी. गार्मिनने २०१९ मध्ये आणलेल्या फेनिक्स ६एक्स प्रो सोलरबद्दल कंपनीचा दावा असा होता की, २१ दिवस चालणारी बॅटरी उन्हामुळे २४ दिवस चालेल. त्यासाठी रोज ३ तास ५०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश गृहीत धरलेला होता. डोंगरात दिवसच्या दिवस भटकणाऱ्याला ते ३ तास सहज मिळतात. कचेरीत बसणाऱ्याच्या घड्याळावर बहुतेक वेळ शर्टाची बाहीच असते, तेव्हा त्याने साधी आवृत्ती घ्यावी.